वंश आणि भावनिक बुद्धिमत्ता: अमेरिकेतल्या शिष्यवृत्ती निबंध स्पर्धेत पहिल्यांदाच उतरताय?

अमेरिकेत शिकायला आलं की पहिल्याच सेमिस्टरला फीचा आकडा झोप उडवतो. मग माणूस रात्री दोन वाजता शिष्यवृत्त्या शोधत बसतो. मीही बसले होते. त्या शोधात एक निबंध स्पर्धा सापडली. विषय होता वंश आणि भावनिक बुद्धिमत्ता, मर्यादा ८०० शब्दांची. आईला फोनवर म्हटलं, "रेसवर निबंध लिहितेय." ती म्हणाली, "कसली रेस? सायकलची?"

तो निबंध पहिल्याच फेरीत बाद झाला. पुढच्या वर्षी अशाच विषयाच्या दुसऱ्या एका स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, ५०० डॉलर. मधल्या वर्षभरात माझं इंग्रजी काही सुधारलं नव्हतं. पहिल्यांदा मी विषयाबद्दल लिहिलं होतं, दुसऱ्यांदा माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीबद्दल. एवढाच फरक, पण तो कळायला वर्ष गेलं. तुमचं तेवढं वर्ष वाचावं म्हणून हा लेख.

१. विषयावर भाळण्याआधी नियम वाचा

सगळ्यात आधी पात्रता. 'अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक' असं लिहिलेलं असेल तर एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी तिथेच थांबायचं. 'अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश घेतलेला कोणीही विद्यार्थी' अशा अर्थाचं वाक्य असेल तर तुम्हाला वाट मोकळी आहे. संदिग्ध असेल तर दोन ओळींची ईमेल करा. मी पहिल्या वर्षी एका स्पर्धेसाठी तीन आठवडे खपले आणि अर्जाच्या शेवटच्या पानावर नागरिकत्वाची अट सापडली.

मग आयोजक कोण ते बघा. अशा स्पर्धा कधी सामाजिक संस्था भरवतात, कधी समुपदेशन करणारे छोटे व्यावसायिक, कधी एखादी कंपनी. त्यात वावगं काही नाही. पण अर्जाची फी मागितली, 'बक्षीस नक्की' असं सांगितलं किंवा बँक खात्याचा तपशील आधीच मागितला, तर ती फसवणूक समजा. खरी शिष्यवृत्ती द्यायला कोणी पैसे मागत नाही. संस्था स्वतःला धर्मादाय म्हणवत असेल तर आयआरएस या करखात्याच्या साइटवर करमुक्त संस्थांचा शोध घेता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

निबंधावर हक्क कोणाचा, हेही वाचा. बहुतेक ठिकाणी निबंध तुमच्या नावाफोटोसकट छापायचा अधिकार आयोजक घेतात. या विषयावर आपण खाजगी गोष्टी लिहितो. पुढे नोकरी देणारा तुमचं नाव शोधेल तेव्हा हा निबंध त्याच्या समोर आला तर चालेल का, ते आत्ताच ठरवा.

आणखी एक. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशात अर्जदाराचा वंश हा निकष म्हणून वापरण्यावर बंदी आणली. पण सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्याच निकालात म्हटलं की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिलं, तर विद्यापीठाने ते विचारात घ्यायला हरकत नाही. भेदभाव असो, प्रेरणा असो, आणखी काही असो. हा निकाल प्रवेशाबद्दलचा होता, खाजगी स्पर्धांबद्दल नव्हे. तरी त्यानंतर अनेक शिष्यवृत्त्यांनी पात्रतेची भाषा बदलली, 'अमुक वंशाच्याच विद्यार्थ्यांसाठी' हे शब्द गाळले. त्यामुळे कोणी सीनियरने "ती आपल्यासाठी नसते गं" असं सांगितलं तरी या वर्षीचे नियम स्वतः वाचा.

२. कागदपत्रं एकदाच जमवून ठेवा

एका फोल्डरमध्ये ही ठेवली की प्रत्येक स्पर्धेला धावपळ होत नाही:

– चालू सेमिस्टरला प्रवेश असल्याचं पत्र (रजिस्ट्रार कार्यालयातून मिळतं, बहुतेक कॉलेजांत ऑनलाइन)
– गुणपत्रक. बिनशिक्क्याचं, म्हणजे 'अनऑफिशियल', बहुधा चालतं
– एक पानी रेझ्युमे
– शिफारसपत्र, मागितलं असेल तरच. प्राध्यापकांना किमान तीन आठवडे आधी सांगा
– साधा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो
– निबंध, पीडीएफ आणि वर्ड दोन्ही रूपांत

सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) या यादीत मुद्दाम ठेवलेला नाही. तो अर्जाच्या वेळी द्यायचा नसतो. बक्षीस लागल्यावर कराच्या फॉर्मसाठी मागतील, तेव्हा बघू.

अर्जात वंशाचा रकाना असेल आणि ऐच्छिक असेल, तर भरायचा की नाही हा तुमचा प्रश्न. 'एशियन' वर खूण करताना मला मात्र दर वेळी गंमत वाटते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही, असं ठरवलं. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची मोजणी गोऱ्यांत झाली. १९८० मध्ये 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र रकाना आला. माणसं तीच, रकाने बदलत गेले. वंश ही निसर्गाने आखून दिलेली रेघ नाही, हे पटवून घ्यायला मला तरी एवढा इतिहास पुरला.

३. विषयातल्या 'आणि'वर बोट ठेवा

विषयात दोन संज्ञा आहेत, आणि बहुतेक जण पहिलीवरच लिहितात. मीही तेच केलं. माझा बाद झालेला निबंध १६१९ मध्ये व्हर्जिनियात आणलेल्या आफ्रिकन माणसांपासून सुरू होत होता. मग १८६३ ची गुलामांच्या मुक्ततेची घोषणा, १९५४ चा काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळ्या शाळांत ठेवण्याविरुद्धचा ब्राऊन खटला, १९६४ चा नागरी हक्क कायदा. सातशे शब्द तिथेच संपले. उरलेल्या शंभरात 'आपण सर्वांनी एकमेकांच्या भावना समजून घेतल्या पाहिजेत' आणि वर वसुधैव कुटुंबकम्! परीक्षक अमेरिकेतच शिकलेले असतात. ब्राऊन खटला त्यांनी शाळेतच वाचलेला असतो, तो त्यांना आपल्याकडून शिकायचा नसतो.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे 'चांगुलपणा' नव्हे, हे आधी पक्कं करा. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना शास्त्रीय लेखातून मांडली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घराघरांत पोचवली. सॅलोव्ही आणि मेयर यांनी पुढे तिच्या चार क्षमता सांगितल्या: भावना ओळखणं, विचार करताना भावनेचा उपयोग करून घेणं, भावना कशातून येते नि कशात बदलते हे समजणं, आणि ती हाताळणं. निबंधाचा सांगाडा तुम्हाला इथेच फुकट मिळतो. चार क्षमतांची व्याख्या मात्र लिहीत बसू नका. तुमच्या प्रसंगात त्या कुठे होत्या आणि कुठे नव्हत्या, ते दाखवा.

४. मराठी डोक्यातला 'वंश' वेगळा असतो, त्याची दखल घ्या

आपण 'रेस'चं मनातल्या मनात भाषांतर करतो आणि घोटाळा होतो. वंश म्हटलं की घराणं आठवतं, वर्ण म्हटलं की चातुर्वर्ण्य नाहीतर लग्नाच्या जाहिरातीतला 'गोरा वर्ण', आणि भेदभाव म्हटलं की जात. अमेरिकेतली 'रेस' यातल्या कशाशीच नेमकी जुळत नाही. तिच्या मुळाशी गुलामगिरी आहे, त्यानंतरचे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे कायदे आहेत, कोणाला नागरिक मानायचं याचे निवाडे आहेत. आपण बाहेरून आलो म्हणून या हिशोबातून सुटत नाही. विमानतळावर उतरल्या क्षणी आपलीही त्यात कुठेतरी जागा ठरलेली असते.

जातीशी तुलना करायची तर करा, पण जपून. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली होती. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली. म्हणजे धागा जुना आहे आणि खरा आहे. पण तुमच्या घरात जात कशी पाळली गेली आणि तुम्ही तिच्या कुठल्या बाजूला होता, हे लिहायची तयारी नसेल, तर हा धागा नुसता अलंकार म्हणून ओवू नका. "आमच्याकडेही असंच असतं" हे वाक्य अमेरिकन वाचकाला पळवाट वाटतं. बऱ्याचदा ती असतेच.

५. प्रसंग निवडा, आणि शक्यतो स्वतः चुकलेला निवडा

"माझ्यावर कधी वर्णद्वेषी प्रसंग आलाच नाही, काय लिहू?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुमच्यावर आला नसेल. तुमच्यामुळे दुसऱ्यावर आला का, ते आठवा.

माझा सांगते. मी कॅम्पसवरच्या ग्रंथालयात दाराशी कामाला बसायचे. रात्री दहानंतर ओळखपत्र बघूनच आत सोडायचं, असा नियम होता. नियमच तो, रोज थोडाच पाळला जातो! परीक्षेच्या दिवसांत एका रात्री एकामागून एक तीन मुलं आत गेली, मी मान वर करून हसले आणि सोडलं. चौथा आला, उंच, काळा, डोक्यावर हुडी. मी म्हटलं, "ओळखपत्र?" त्याने ते दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "माझ्या आधीच्या तिघांचं पाहिलंस?"

माझे कान तापले. पहिला विचार आला, 'मी तर स्वतःच ब्राउन, मी कशी वर्णद्वेषी असेन?' दुसरा आला, 'नियम तर नियम आहे.' तोंडातून दुसरा बाहेर पडला. तो मुलगा काही न बोलता आत गेला.

असा प्रसंग लिहायला हात धजत नाही. पण याच्यात चारही क्षमता एकदम सापडतात. शरम ओळखता न येणं. शरमेचं बचावात रूपांतर होणं. 'मीसुद्धा गोरी नाही' या ढालीमागे लपणं. आणि दोन दिवसांनी त्याला गाठून माफी मागताना, त्यानेच आपली समजूत काढावी अशी अपेक्षा न ठेवणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. माफी मागताना रडू आलं असतं तर "जाऊ दे, काही हरकत नाही" म्हणायचं कामसुद्धा त्याच्याच गळ्यात पडलं असतं.

प्रसंग निवडताना दोन सापळे टाळा. पहिला: तुम्ही तारणहार आहात असा प्रसंग. कोणाला तरी कोणी काही बोललं आणि तुम्ही मध्ये पडलात, टाळ्या. परीक्षक असे ढिगाने वाचतात. दुसरा सापळा सूक्ष्म आहे: ज्याच्यावर अन्याय झाला त्याने शांत राहणं म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, असं लिहिणं. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाकडून ही शांतता आधीपासूनच मागितली जाते. समाजशास्त्रज्ञ एडिया हार्वी विंगफील्ड यांनी कृष्णवर्णीय व्यावसायिकांशी बोलून हेच दाखवलं: ऑफिसात गोऱ्या सहकाऱ्याचा राग खपून जातो, यांनी मात्र कायम हसतमुख राहायचं. तेव्हा 'त्याने राग गिळला, किती समंजस' असं कौतुक लिहिण्याआधी विचार करा. समजूतदारपणाची सक्ती कोणावर होते, हाच कदाचित तुमच्या निबंधाचा खरा विषय असेल.

६. पहिला खर्डा एका बैठकीत, मराठीत

हो, मराठीत. भावनांची नावं आपल्याकडे आधी मराठीत येतात. खजील होणं, ओशाळणं, वरमणं, शरमिंदं होणं, हे चार वेगवेगळे अनुभव आहेत. थेट इंग्रजीत लिहिलं असतं तर मी चारही ठिकाणी एकच शब्द वापरला असता. खर्ड्यात 'ओशाळले' लिहिलं होतं म्हणून इंग्रजी करताना त्या क्षणी शरीरात काय झालं ते लिहावं लागलं: कान तापले, नजर संगणकाच्या पडद्यावर गेली. परीक्षकांनी नेमकी तीच ओळ निकालाच्या पत्रात उचलून दाखवली.

८०० शब्दांत माझी वाटणी साधारण अशी होती: प्रसंग ३००, त्या क्षणी आत काय चाललं होतं ते २५०, नंतर काय केलं ते १५०, आणि इतिहास किंवा संशोधन जास्तीत जास्त १००. इतिहास लागतोच, पण भाजीत मीठ लागतं तेवढाच.

७. निबंधात दुसरं माणूस असेल तर त्याला दाखवा

ही पायरी कुठल्याही नियमावलीत नसते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. मी नाव लिहिलं नव्हतं, विषयशाखाही बदलली होती, तरी खर्डा त्या मुलाला पाठवला. छापायला त्याची हरकत नव्हती. एका वाक्याखाली मात्र त्याने लिहिलं होतं, "मी रागावलो नव्हतो. थकलो होतो."

मी लिहिलं होतं, 'त्याच्या डोळ्यांत राग होता.'

भावनिक बुद्धिमत्तेवर निबंध लिहितेय आणि पहिलीच क्षमता, समोरच्याची भावना ओळखणं, तीच नापास! मग यावर कोणी काही शोधलंय का ते पाहिलं. हिलरी एल्फेनबाइन आणि नलिनी अंबाडी यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की माणसं आपल्या समूहातल्यांच्या भावना अधिक अचूक ओळखतात, आणि समूहांचा एकमेकांशी संबंध जास्त असेल तर हा फरक कमी होतो. एमी हाल्बरस्टॅट आणि सहकाऱ्यांचा २०२० चा अभ्यास तर शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवरचा आहे. काळ्या मुलांचे चेहरे रागावलेले नसतानाही त्यांना ते गोऱ्या मुलांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त वेळा रागीट दिसले. माझं 'डोळ्यांतला राग' हे वाक्य त्याच पठडीतलं होतं.

मी ते वाक्य खोडलं नाही. तसंच ठेवलं आणि पुढे लिहिलं की तो थकला होता, हे मला त्याने सांगितल्यावर कळलं. निबंध उभा राहिला तो तिथून. संशोधनाचे शंभर शब्दही मग आपसूक योग्य जागी बसले, कारण आता ते माझ्या चुकीबद्दल बोलत होते.

माणूस सापडण्यासारखा नसेल तर निदान तो ओळखू येणार नाही इतका तपशील बदला. आणि त्याच्या मनात काय होतं ते ठामपणे लिहू नका. तुम्हाला काय दिसलं तेवढंच लिहा.

८. संपादन

मोठ्याने वाचा. जड परिभाषा गाळा. 'मायक्रोॲग्रेशन' (रोजच्या वागण्यातला, बऱ्याचदा नकळत केलेला छोटा अपमान) हा शब्द मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० मध्ये आणला, उपयोगी आहे, पण ८०० शब्दांत तो तीनदा आला तर प्रसंग झाकला जातो. एक मित्र व्याकरणासाठी शोधा आणि एक कृष्णवर्णीय किंवा निदान अमेरिकेत वाढलेला वाचक सुरासाठी. त्यांच्यावर हे ओझं लादायचं नाही, जमेल का असं विचारायचं. नाही म्हणाले तर विषय संपला. कॉलेजच्या लेखन केंद्रात ही मदत विनामूल्य मिळते, तिथे आधी जा.

एआयकडून निबंध लिहून घेऊ नका. नियमात बंदी असते म्हणून तर आहेच, पण असे निबंध एकमेकांसारखे निघतात. सगळ्यांना 'प्रवास' घडतो, सगळ्यांना शेवटी 'पूल' बांधायचा असतो.

९. पाठवणं

मुदत रात्री ११:५९ ची असेल तर कुठल्या वेळेची ते बघा. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांत तीन तासांचा फरक आहे. आदल्या दिवशी पाठवा. नावाविना परीक्षण असेल तर फाइलच्या नावातून आणि वर्डच्या 'लेखक' या नोंदीतूनही स्वतःचं नाव काढा. पोच आल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

१०. बक्षीस लागलं तर

इथे आनंदाच्या भरात चुका होतात. पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्ती कॉलेजची शैक्षणिक फी आणि अभ्यासक्रमाला बंधनकारक पुस्तकं यांवर खर्च केली तर ती करमुक्त असते. घरभाडं नि जेवणावर गेलेला भाग करपात्र. एफ-१ वर असणाऱ्या, करासाठी 'अनिवासी' ठरणाऱ्यांच्या अशा करपात्र भागातून साधारणपणे १४ टक्के कापले जातात. पण पैसे शिक्षणावरच खर्च करायची अट नसेल, तर करखातं त्याला शिष्यवृत्ती न मानता नुसतं बक्षीस मानतं, आणि अनिवासींसाठी त्यावरचा सर्वसाधारण दर ३० टक्के आहे. म्हणून धनादेश थेट कॉलेजच्या नावाने काढायला सांगता आला तर सांगा. माझे ५०० तसेच फीच्या खात्यात जमा झाले. कर भरायचा प्रश्न आला नाही. आयोजक फॉर्म मागतील तेव्हा अनिवासींनी डब्ल्यू-८बेन द्यायचा असतो, नागरिक आणि करासाठी निवासी असणाऱ्यांचा डब्ल्यू-९ नव्हे. नकळत चुकीचा भरून देणारे मी पाहिलेत.

कॉलेजकडून तुम्हाला आधीच मदत मिळत असेल तर अर्थसाहाय्य कार्यालयाला आधी विचारा: बाहेरची शिष्यवृत्ती आली तर तुम्ही तुमची मदत कमी करता का? काही कॉलेजं करतात. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांना यावर मर्यादा घातली, असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. इतरत्र कॉलेजागणिक वेगळं उत्तर मिळेल. कमी करत असतील, तर अनुदानाऐवजी आधी मदतीतला कर्जाचा किंवा कॅम्पसवरच्या कामाचा (वर्क-स्टडी) भाग कमी करा, अशी विनंती लेखी करता येते.

निबंधाची शेवटची प्रत आणि मराठी खर्डा दोन्ही जपून ठेवा. पुढच्या स्पर्धेची मर्यादा ५०० शब्दांची निघेल. तेव्हा कात्री आधी इतिहासाला लावा, मग संशोधनाला. प्रसंगाला हात लावू नका.